औषध लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाच्या, सूक्ष्म कणांत भरून का देतात? नुसतं इंजेक्शन का चालत नाही?

सगळ्या औषधांना कणांची गरज नसते. पण एमआरएनएसारखा (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा) नाजूक रेणू रक्तात उघडा सोडला, तर तिथली विकरं (एन्झाइम) लगेच त्याचे तुकडे करतात. शिवाय पेशीच्या आवरणातून तो स्वतःहून आत शिरत नाही. म्हणून त्याला साधारण १०० नॅनोमीटरच्या लिपिड कणात गुंडाळतात.

मला खरी कमाल वाटते ती पुढची. पेशी हा कण गिळते तेव्हा तो एका इवल्याशा पिशवीत अडकतो आणि पिशवीतली आम्लता वाढू लागते. कणातलं एक खास लिपिड रक्तात जवळजवळ प्रभाररहित असतं, आम्लात मात्र त्यावर धन प्रभार येतो. मग ते पिशवीच्या ऋण प्रभार असलेल्या पडद्याला चिकटतं, पडदा विस्कटतो आणि औषध पेशीत उतरतं. तरीही बराचसा माल पिशवीतच वाया जातो. हे दुखणं अजून सुटलेलं नाही.

शिरेतून दिलेले असे कण मुख्यतः यकृतात जमतात. याचाच फायदा पॅटिसिरानने घेतला: यकृतात बनणाऱ्या ट्रान्सथायरेटिन प्रथिनाला लगाम घालणारं हे औषध २०१८ मध्ये मंजूर झालं. यकृत टाळून दुसऱ्या अवयवाकडे जायचं असेल, तर काम बरंच अवघड होतं.