'टू माय स्टार'च्या दुसऱ्या सीझनमध्ये सॉजूननं जिऊला इतक्या सहज परत घ्यायला हवं होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न सांगता निघून गेलेल्या जिऊला सॉजून शोधत जातो, त्याचा तुसडेपणा सहन करतो आणि शेवटी दोघं एकत्र येतात. ज्यानं सोडलं त्याला फारसं काही भोगावंच लागत नाही. मग हा समेट पटतो कसा? की दोघं दिसायला छान आहेत म्हणून आपण सगळं पोटात घालतो?

(पुढे शेवट फुटणार आहे. मालिका बघायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही पटला नव्हता. एका भागात तर वैतागून लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला गेलो. भांडी झाल्यावर पुन्हा उघडला, ते सोडा.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ह्वांग दासुल या दिग्दर्शिकेची ही कोरियन वेब मालिका. पहिला सीझन 2021चा, नऊ छोटे भाग. कांग सॉजून हा नट एका भानगडीत अडकून कारकिर्दीतून घसरलेला. तो येऊन राहतो हान जिऊच्या घरी, आणि जिऊ आहे शेफ. एक सारखी बडबड करणारा, दुसरा ताकास तूर लागू न देणारा. प्रेम जमतं, सगळं गोड होतं. दुसरा सीझन 2022च्या जूनमध्ये आला, दहा भागांचा, आणि त्यानं त्या गोडावर पाणी ओतलं. जिऊ निघून गेलाय. सॉजून त्याला शोधत शोधत एका खेड्यात पोचतो आणि तिथं जिऊ त्याला 'परत जा' म्हणतो. सोन वूह्यन आणि किम कांगमिन या दोघांनी यात जे काम केलंय, त्यापुढे पहिला सीझन पोरखेळ वाटतो.

अशा निघून जाण्याला कोरियन बोलीत एक शब्द आहे: 'जाम्सू इब्योल'. जाम्सू म्हणजे पाण्यात बुडी मारणं, इब्योल म्हणजे ताटातूट. भांडण नाही, खुलासा नाही, माणूस बुडी मारतो आणि काठावरचा पाण्याकडे बघत बसतो. ब्रेकअपमधला हा सगळ्यात नीच प्रकार, असं तिकडे बरेच जण मानतात. त्यामुळे जिऊवर लोक चिडले यात नवल काही नाही.

आणखी एक शब्द सांगतो, कारण तो आपल्याला चटकन कळेल. ज्या कथेत पात्रं साधी गोष्ट बोलत नाहीत आणि बघणाऱ्याचा जीव घुसमटतो, तिला कोरियन प्रेक्षक 'गोगुमा' म्हणतात. गोगुमा म्हणजे रताळं. पाणी न पिता उकडलेलं रताळं खाल्लं की घशात कसा तोठरा बसतो, तसं. ज्यांनी एकादशीला घाईघाईत रताळं खाल्लंय त्यांना वेगळं समजावायला नको. याच्या उलट, कुणीतरी फाडकन बोललं, दुष्टाला सुनावलं, की ते 'साइदा'. हे तिकडचं लिंबू सोड्यासारखं पेय, गळ्याखाली सरकन उतरणारं. दुसरा सीझन बराचसा रताळ्यावर चालतो. तुमची तक्रार अशी आहे की शेवटी सोडा मिळाला, पण अर्धाच ग्लास.

ही तक्रार मला मान्य आहे आणि तिचं कारणही मला दिसतं. कोरियन वेब कादंबऱ्यांत 'हुहेमुल' म्हणून एक प्रकारच आहे, पश्चात्तापाच्या गोष्टी. ज्यानं छळलं, सोडलं, किंमत केली नाही, त्याला मग शंभर-दोनशे पानं नाक घासत यायला लावतात. वाचकाला तेच हवं असतं. पुरेसं नाक घासलं की हिशेब फिटला. या मालिकेनं ते गणित उलटं मांडलं. हातापाया पडतो तो सोडलेला माणूस, आणि सोडून गेलेला मिठाची गुळणी धरून बसतो. कथा पुढे जिऊच्या बाजूनं बोलायला लागते तोवर आपण त्याच्यावर रागावून मोकळे झालेलो असतो. मग त्याची भीती कळली तरी मन म्हणतं, बाबा रे, हे तेव्हाच सांगायचं होतंस.

यावर जिऊची बाजू घेणारे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. सॉजून नट आहे, गोष्ट बाहेर फुटली तर त्याचं काय होईल, जिऊला हीच धास्ती होती, म्हणून तो गेला, म्हणजे त्यानं त्यागच केला! धास्ती खोटी नाही. होंग सॉकचॉन हा कोरियातला नट 2000 साली उघडपणे 'मी समलिंगी आहे' म्हणाला आणि त्याची कामं एकामागून एक गेली, मुलांच्या कार्यक्रमातूनसुद्धा काढलं. पुढे त्यानं सोलच्या इथेवॉन भागात रेस्टॉरंट काढली, एक नव्हे बरीच, आणि हळूहळू टीव्हीवर परतला. (मालिकेत नट आणि शेफ अशी दोन माणसं आहेत, त्या बिचाऱ्याला दोन्ही एकट्यानं व्हावं लागलं.) कायद्याचं म्हणाल तर तिकडेही समलिंगी लग्नाला मान्यता नाही. जोडीदाराच्या आरोग्य विम्यात आपलं नाव राहावं एवढ्यासाठी एक जोडपं कोर्टात गेलं. जानेवारी 2022मध्ये, म्हणजे हा सीझन यायच्या काही महिने आधी, ते हरलं. जुलै 2024मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलं. विम्यासाठी एवढं.

तेव्हा भीती खरी. पण भीती खरी असली म्हणून बुडी मारणं बरोबर ठरत नाही. त्याग करायचा तर ज्याच्यासाठी करतोय त्याला विचारून करावा. सॉजूनच्या कारकिर्दीचं भलं कशात, हे जिऊनं एकट्यानं ठरवलं. आपल्याकडे घरातली मोठी माणसं 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणून जे करतात तेच हे, फक्त जरा देखण्या माणसानं केलेलं.

आता एवढं ठाम का बोलतोय ते सांगतो.

2019मध्ये माझा जोडीदार असाच गेला. आम्ही पुण्यात कोथरूडला भाड्यानं राहत होतो, घरमालकांच्या लेखी दोन बॅचलर मित्र. त्याच्या थोरल्या भावानं त्याच्या फोनवरचे मेसेज वाचले. मला हे पाच महिन्यांनी कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की मी ऑफिसमधून आलो तर त्याची बॅग नव्हती, चार्जर तसाच बोर्डाला लटकत होता आणि फोन बंद लागत होता. गाव माहीत होतं, कराडच्या पुढे. मी गेलो नाही. जाऊन म्हणणार काय? मी कोण? त्याच्या आईला काय सांगायचं होतं मी?

तो परत आला एका रविवारी, साडेअकराच्या सुमारास. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होतो, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा खुलासा करायची वेळ आली नाही. मी त्याला आत घेतलं. पुढचे दोन दिवस आम्ही फक्त गॅस सिलिंडर आणि पाण्याची टाकी या दोनच विषयांवर बोललो.

दुसरा सीझन मी पहिल्यांदा एकट्यानं बघितला होता. पुन्हा बघितला तो त्याच्या शेजारी बसून. सॉजून त्या खेड्यात येऊन उभा राहतो तिथं मी सवयीनं कुरकुरलो, 'हा असा मागे का लागतो, समोरचा नाही म्हणतोय तर नाही.' हा मुद्दा इतरही बरेच जण मांडतात आणि मला तो रास्त वाटतो. 'नाही'चा अर्थ 'अजून थोडा आग्रह कर' असा घेण्याची सवय आपल्या सिनेमांनी आपल्याला आधीच पुरेशी लावलीय. तिकडूनही तीच शिकायची गरज नाही. पण हा स्क्रीनकडे बघतच म्हणाला, 'तू यायला हवं होतंस असं मी म्हणत नाही. पण दुपारची एस.टी. आली की मी स्टँडकडे बघायचो.'

मी थांबवलं नाही. मालिका चालू राहिली आणि पुढची पाच-सात मिनिटं त्यात काय झालं ते मला कळलं नाही.

त्यामुळे सॉजूनच्या पाठलागाबद्दल माझं मत आता इतकं सरळ राहिलेलं नाही. जाणाऱ्यानं दार लावून घेतलं तर ते ठोकत बसू नये, हे खरंच. पण काही माणसं दार लावून आतून कान देऊन उभी असतात, हेही खरं. बाहेरच्याला यातलं कोणतं दार आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि हा बाहेरच्याचा दोष नव्हे. आतल्यानं तोंड उघडलं असतं तर प्रश्नच आला नसता. फिरून फिरून मी तिथंच येतो.

म्हणून 'जिऊनं पुरेशी शिक्षा भोगली का' या तुमच्या प्रश्नापाशी मी फार थांबणार नाही. शिक्षेनं काय होतं? मीही पहिले काही महिने शिक्षा करून बघितली. जेवायला वाढताना ताट जरा जोरात ठेवायचं, 'तुला काय, तू जाशील' असं येता-जाता बोलायचं. तो गप्प ऐकून घ्यायचा. आणि तो गप्प बसला की मला जास्त भीती वाटायची, कारण मागच्या वेळी जाण्याआधीही तो असाच गप्प होता. नाक घासायला लावलं की माणूस बोलका होत नाही, आणखी मिटतो. हुहेमुल लिहिणाऱ्यांनी हे कधी करून बघितलेलं नसावं.

समेट पटतो की नाही, हे माझ्या मते एकाच गोष्टीवर ठरतं: पुढच्या वेळी जिऊ घाबरेल तेव्हा तो काय करेल? कारण घाबरणार तर आहेच. सॉजूनचा नवा सिनेमा येईल, कुणीतरी फोटो काढेल, कुठेतरी काहीबाही छापून येईल. त्या रात्री तो सॉजूनला उठवून 'मला भीती वाटतेय' म्हणेल, की पुन्हा बुडी मारेल? मालिकेनं मला दोघांचं रडणं दाखवलं, मिठी दाखवली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दिग्दर्शिकेला माणसांच्या मधल्या शांततेचं टायमिंग कळतं. पण मला हवं होतं ते समेटानंतरचं एक भिकार भांडण. ओटा कुणी पुसायचा यावरून. आवाज चढलेत, जिऊचा चेहरा तसाच बंद व्हायला लागलाय, सॉजूनच्या पोटात गोळा आलाय, आणि जिऊ खुर्ची ओढून तिथंच बसतो. एवढा एक प्रसंग असता तर मी तुमच्याशी जिऊच्या बाजूनं वाद घातला असता. तो नाही, म्हणून माझं मत सत्तर टक्के 'पटतो' आणि तीस टक्के 'बघू'.

सॉजूनबद्दलही एक सांगायला हवं, कारण त्याला सगळे साधू करून टाकतात. तो पहिल्यापासून बोलत राहणारा माणूस आहे आणि बोलणाऱ्यांना वाटतं की आपण बोलतो म्हणजे समोरच्यालाही बोलायला जागा आहे. नसते हो. मी आमच्या घरातला बोलणारा. त्याचा भाऊ दोनदा फोन करून गेला होता, हा दोन दिवस जेवला नव्हता, आणि मी त्याला ऑफिसच्या अप्रेझलच्या गोष्टी सांगत होतो. सॉजूननं परत घेतलं म्हणजे फक्त उपकार केले असं मला वाटत नाही. त्यालाही काही शिकायचं होतं आणि त्या खेड्यात, नको असलेला पाहुणा म्हणून राहताना, ते तो थोडंफार शिकला असावा.

आमचा समेट कधी झाला म्हणाल तर मला तारीख सांगता येत नाही. तो परत आला त्या रविवारी तर नक्की नाही. आधी त्याला घरातून निघताना 'चल, निघतो' म्हणायची सवय होती, कधी कधी तेही नाही. आपल्याकडे 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे माझ्या आजीनं मला पट्टी मारून शिकवलेलं, त्याला कुणी शिकवलं नव्हतं. परत आल्यावर काही महिन्यांनी एकदा तो दूध आणायला निघाला, चपला घातल्या आणि दारात अवघडून थांबला. म्हणाला, 'येतो.' मी आतून काहीतरी हुंकार दिला. तो हलला नाही. पुन्हा म्हणाला, 'येतो मी.' मग माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, 'ये.'

कोरियन घरांतही असंच म्हणतात, बरं का. बाहेर पडणारा म्हणतो 'तान्यो ओल्के', म्हणजे जाऊन येतो. घरातला म्हणतो 'तान्योवा', म्हणजे जाऊन ये. हे मला एका सबटायटलमुळे कळलं, तिथं नुसतं 'बाय' लिहिलं होतं आणि कानाला काहीतरी लांबलचक ऐकू आलं. हल्ली आमच्याकडे दूध सकाळी साडेसहाला पिशवीतून दाराला लागतं, त्यामुळे ती फेरी बंद झालीय. पण कचऱ्याचा डबा खाली ठेवायला जातानासुद्धा तो दारातून ओरडतो आणि मी ब्रश तोंडात असला तरी उत्तर देतो.