चंद्रावरची वाकळ

परभणीच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी चांद्रयानावर मजकूर करतेय. ‘चंद्राची माती’ लिहू, की ‘चांद्रमृदा’ जास्त शास्त्रीय? आणि चंद्राच्या खडकावरच्या सुट्या भुग्याच्या थराला, म्हणजे रेगोलिथला, मराठी शब्द कोणता?

ताई, मृदा म्हणजे कोट घातलेली माती. त्यात शास्त्रीय काही नाही, ती आधी बाजूला ठेवा.

पण चांद्रयान-३ उतरलं त्या २०२३ च्या ऑगस्टपासून ‘माती’नंही माझे कान किटलेत. काळी, बरड, चोपण, मुरमाड ही जमिनीची नावं आमच्याकडं पोर शाळेत जायच्या आधी शिकतं. त्याच मराठवाड्यातला माणूस टीव्हीसमोर बसून ‘चंद्राची माती लई भारी’ म्हणतो! मातीत गांडूळ लागतं, कुजका पाला लागतो, मुळं लागतात. पहिल्या पावसाचा वास लागतो. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतून चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांना तिथल्या धुळीला वास आला तो जळलेल्या बंदुकीच्या दारूचा. लगेच कुणीतरी ऐकवतं की २०२२ साली फ्लोरिडात अपोलोच्या नमुन्यांत रोपं उगवून दाखवली. उगवली, पण बाहेरून खतपाणी घालून, आणि तीही खुरटली. माझ्या नातवानं कापसाच्या बोळ्यावर मटकीला मोड आणलेत. आता कापसाला माती म्हणू?

आता रेगोलिथ. हा शब्द अमेरिकन भूवैज्ञानिक जॉर्ज मेरिल यांनी १८९७ साली घडवला. आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त गृहस्थ ठासून सांगतात, की तो आपल्या काळ्या मातीच्या ‘रेगूर’ या नावावरूनच गेला. मुळीच नाही. रेगूर आला तेलुगूतल्या ‘रेगडी’पासून, तेलंगणाच्या सीमेवरचं देगलूर ओलांडलं की ऐकू येते ती रेगडी. मेरिलनं घेतला ग्रीक ‘ऱ्हेगोस’. लिथोस म्हणजे दगड, आणि ऱ्हेगोस म्हणजे पांघरूण. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चहा तसाच ठेवून उठलो होतो. दगडावर पांघरूण! त्याला आपल्याकडं आयता शब्द पडलाय: वाकळ.

कोशवाले वाकळ आणि गोधडी एकाच ओळीत बसवतात, ते मला मान्य नाही. आमच्या घरी गोधडी पाहुण्यांना, वाकळ आम्हाला. आई फाटकी लुगडी, वडलांच्या धोतराचे तुकडे, आमच्या चड्ड्यांचे अवशेष एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्यानं शिवत जायची. वरचं कापड विरलं की त्याच्यावर नवं ठिगळ, खालचं तसंच. दहा वर्षांनी आमची वाकळ उसवली असती तर थरांवरून घरचा इतिहास वाचता आला असता.

त्याच कट्टेकऱ्यांच्या मते वाकळ ‘वाकणे’पासून, अंगाभोवती वाकते म्हणून. मग चटईनं काय घोडं मारलंय? वाट सरळ आहे. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ. सप्तचं सत्त आणि सात झालं तशी जोडाक्षरं वितळली, कमलचं कमळ झालं तसा शेवटचा ल जड झाला. ऋषींनी अंगाला गुंडाळलेली झाडाची साल आमच्या ओट्यावर जाडंभरडं पांघरूण होऊन पडली. झाडाची साल माणसानं पांघरली, मग चंद्राची साल चंद्रानं पांघरली तर बिघडलं कुठं?

आणि ही उपमा नुसती गोड म्हणून घेत नाही. चंद्रावर वारा नाही, वाहतं पाणी नाही. उल्का आणि त्यांचे कण कोट्यवधी वर्षं आदळून खडकाचा भुगा झालाय. सपाट काळ्या भागांत चार-पाच मीटर जाड, डोंगराळ भागांत दहा-पंधरा. आदळण्याच्या उष्णतेनं थोडा भुगा वितळतो, त्याची काच होते आणि ती शेजारचे कण चिकटवून टाकते. ठिगळाला ठिगळ! म्हणून ‘मुरूम’ही चालत नाही. मुरूम खडक जागच्या जागी ऊन-पाण्यानं कुजून होतो.

वाकळेचं खरं काम तर चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरच्या ‘चास्ते’ या तापमान मोजणाऱ्या उपकरणानं दाखवलं. त्याची सळई दहा सेंटिमीटरपर्यंत खाली घुसली. वर तापमान ५० अंशांच्या आसपास, आणि आठ सेंटिमीटरवर उणे १०. चार बोटांत साठ अंशांचा फरक! ज्वारी राखायला शेतात झोपलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त इथं थंडी वाकळेबाहेर असते, तिथं आत निघाली.

सगळ्यात वरच्या पिठासारख्या धुळीला मात्र ‘फुफाटा’ म्हणा. चांद्रवीरांच्या पोशाखाला ती चिकटायची ती निघेना, अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिट यांना तर तिनं शिंका आणल्या. २०२४ मध्ये चीनच्या चांग-ई ६ नं चंद्राच्या पलीकडच्या बाजूचा १,९३५.३ ग्रॅम ऐवज आणला, त्याला बातम्यांनी ‘अंधाऱ्या बाजूची मृदा’ म्हटलं. तीन शब्दांत दोन चुका. तिथं सलग चौदा दिवस ऊन असतं, पण ते भांडण वेगळं.

‘प्रावरण’ का नको, असं कुणीतरी विचारणारच. ते भूगोलाच्या पुस्तकानं आधीच उधळलंय. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात प्रावरणाचं पंगुरण होतं, तेच आपलं पांघरूण. पुस्तकात मात्र प्रावरण भूकवचाच्या खाली! पांघरूण अंगावर घ्यायचं सोडून कातडीखाली घातलंय.

हां, भित्तिपत्रक. ‘चंद्राची वाकळ’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, खाली बारीक रेगोलिथ. मुख्याध्यापक अडून बसले तर ‘माती’ लिहा, पोरांना कळेल. मृदा लिहू नका.