बोलके ॲप आणि मुलाचे बोलणे

प्रश्न : माझा चार वर्षांचा स्वमग्न मुलगा अजून बोलत नाही. थेरपिस्टनी चित्रावर बोट ठेवताच तो शब्द बोलून दाखवणारे ॲप सुचवले आहे. त्यामुळे त्याचे बोलणे खुंटेल का?

उत्तर : ही भीती स्वाभाविक आहे, परंतु अशा साधनांमुळे बोलणे खुंटते असे अभ्यासांत आढळलेले नाही, उलट काही मुलांचे बोलणे थोडे वाढते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही आहे. मात्र फोन हाती देऊन आपण बाजूला होऊ नये. ‘पाणी’चे चित्र आधी स्वतः दाबून दाखवावे आणि त्याने ते दाबताच, वेळ भलतीच असली तरी, पाणी द्यावे, कारण चित्र आणि मिळणारी वस्तू यांचा संबंध त्याला त्यातूनच उमगतो. कार्टूनसाठी तोच फोन वापरू नये. हे पथ्य घरातल्या मोठ्यांनाच अधिक जड जाते.