आत्याचं वय किती होतं?

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची आहे. माझ्या आत्याला ३९व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, आता ती बरी आहे. वडिलांची आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, ‘हे आईकडून येतं, वडिलांकडचं धरायचं नसतं.’ नंतर मेरी-क्लेअर किंग यांच्याबद्दल कुठेतरी वाचलं आणि झोप उडाली. त्यांनी नेमकं काय शोधलं? मी काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी त्या डॉक्टरांचं वाक्य खोडते. वडिलांकडचं धरायचं, आईकडच्याइतकंच धरायचं. घराण्यातून येणाऱ्या स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमागे अनेकदा बीआरसीए-१ या जनुकातला दोष असतो. हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं आणि ते गुणसूत्र बाई-पुरुष दोघांतही सारखंच. वडिलांकडे सदोष प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला वा मुलीला ती मिळण्याची शक्यता निम्मी. वडील स्वतः ठणठणीत असतात, म्हणून त्यांच्या बाजूची चौकशीच होत नाही. समुपदेशनाच्या इतक्या वर्षांत हा गैरसमज मी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलाय आणि दर वेळी जीव तुटतो.

आता किंगबाई. या अमेरिकेतल्या आनुवंशशास्त्रज्ञ, मूळ शिक्षण गणिताचं. १९७४ च्या सुमारास त्यांनी स्तनाच्या कॅन्सरची आनुवंशिकता शोधायला घेतली, तेव्हा एवढा सर्रास होणारा आजार एखाद्या जनुकामुळे होऊ शकतो हे फार थोड्यांना पटत होतं. अडचणही खरीच होती. आजार सर्रास असला की एकाच घरात दोघी-तिघींना तो निव्वळ योगायोगानेही होतो. अशी घरं आणि खरोखर आनुवंशिक दोष असलेली घरं एकत्र मोजली की आनुवंशिकतेची खूण पुसट होते. त्यांच्याकडे २३ कुटुंबं होती, १४६ रुग्ण. त्यांनी ही कुटुंबं आजार कोणत्या वयात झाला त्या क्रमाने लावली. कमी वयाची घरं वर आली आणि त्यांच्यात १७व्या गुणसूत्रावरची खूण लख्ख दिसली. जास्त वयाच्या घरांत ती नव्हतीच. डिसेंबर १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं. बीआरसीए-१ चा पत्ता सापडला, पण प्रत्यक्ष जनुक १९९४ साली अमेरिकेतल्याच युटामधल्या गटाने आधी मिळवलं. मला मात्र मोठं काम पत्ता शोधण्याचंच वाटतं. असं काही शोधण्यासारखं आहे, हेच तोवर मान्य नव्हतं.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी कोरा कागद घेते. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, आजारी असेल तर आत काळं. आणि खाली वय. लोक ‘आत्याला झाला होता’ एवढंच सांगतात. कितव्या वर्षी, हे विचारलं की घरी फोन लावावा लागतो. तुम्ही ३९ लिहिलंत, फार बरं केलंत.

बीआरसीए-१ काम करतं ते डीएनएची तुटलेली साखळी सांधण्याचं. ओलॅपरिबसारखं कॅन्सरवरचं औषध याच दुबळेपणावर नेम धरतं. ते दुरुस्तीची दुसरी वाट बंद करतं. कॅन्सरच्या पेशीत बीआरसीएच्या दोन्ही प्रती निकामी असतात, ती मरते. निरोगी पेशीकडे एक चांगली प्रत असते, ती तगते. किंग यांनी हे औषध शोधलं नाही, पण जनुकाचा पत्ताच नसता तर हे औषध कुणाला द्यायचं ते कळलं नसतं.

आता तुमच्याबद्दल. जनुकाची चाचणी आधी आत्याची व्हावी, तुमची नंतर. ज्याला आजार झाला त्याच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांत नेमकी तीच जागा तपासता येते. आत्याची न करता थेट तुमची केली आणि काही सापडलं नाही, तर त्यातून पुरता दिलासा मिळत नाही. दोष सापडलाच, तर वडिलांनाही सांगावं लागेल. प्रोस्टेटची काळजी त्यांनीही घ्यायची असते. दोष असलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर आयुष्यात होण्याची शक्यता साधारण ७० टक्के धरतात, पण दरवर्षीचं एमआरआय, गरज पडल्यास योग्य वयात अंडाशय काढणं, असे मार्ग हाताशी आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे.

जाण्याआधी आत्याचा जुना बायोप्सीचा रिपोर्ट शोधा. त्यात ईआर, पीआर आणि हर-टू असे तीन शब्द असतील, ही कॅन्सरच्या पेशीत तपासल्या जाणाऱ्या तीन ग्राहींची (रिसेप्टर) नावं. तिन्हींपुढे ‘निगेटिव्ह’ असेल, तर बीआरसीए-१ चा संशय आणखी वाढतो. त्या कागदाची झेरॉक्स काढून सोबत ठेवा, आणि आजी किती वर्षांच्या होत्या तेही वडिलांना विचारून लिहून घ्या.