अकोल्याच्या बोर्डावरच्या मैत्रिणी

पत्र: ताई, मी ७० वर्षांची आहे. १९७७ साली अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून, म्हणजे परगावचे फोन बोर्डावर हाताने जोडून द्यायच्या कामाला, लागले. १९८६ला बदली घेऊन सांगलीला, माझ्या गावी आले आणि २०१५ला इथूनच निवृत्त झाले. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली. आता जुन्या मैत्रिणींना एकदा भेटून यावं असं फार वाटतंय. अकोल्याला एक आहे, तिला विस्मरणाचा आजार झालाय. सून म्हणते, कधी ओळखतात, कधी नाही. पुण्याला एक आहे. तिच्याशी मी सांगलीच्या बोर्डावरून वर्षानुवर्षं बोलले, पण तिचा चेहरा कधीच पाहिला नाही. तिसरी नागपूरला. ती साताऱ्याकडची, अकोल्यात आम्ही एका खोलीत राहायचो. बदलीचे अर्ज बरोबरच टाकायचे असं ठरलं होतं. मी तिला न सांगता माझा आधी टाकला आणि ऑर्डर आली तेव्हाच तिला ते कळलं. ती पुढे तिकडेच लग्न करून राहिली. ३९ वर्षं आम्ही बोललेलो नाही. मुलगा म्हणतो, व्हिडिओ कॉल कर, या वयात दगदग कशाला? नात सोबत यायला तयार आहे. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं, गुडघेही दुखतात. जाऊ का? नागपूरचं दार वाजवू का? की आम्हा दोघींना ओळखणाऱ्या एका बाईंना आधी तिच्याशी बोलायला सांगू?
— एक जुनी ऑपरेटर, सांगली

उत्तर: ताई, जाच तुम्ही. मुलाच्या काळजीत प्रेम आहे, पण व्हिडिओ कॉलने हे काम होणार नाही, आणि ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? अर्धं आयुष्य तुम्ही लोकांची बोलणी जोडून दिलीत. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं, पुढची तीन मिनिटं हवीत का विचारायचं, समोरचा माणूस रडत असला तरी. तारेवर किती मावतं आणि किती राहून जातं हे तुम्ही कानांनी ऐकलंय. आता घड्याळ लावणारं कुणी नाही, तर समोर बसून बोला.

मुलाशी मात्र वाद घालू नका. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, कुणाचा नंबर काय, हे एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या आणि रोज रात्री जेवणानंतर एक फोन करायचं कबूल करा. 'नको' म्हणणाऱ्या मुलांना बहुतेकदा एवढंच हवं असतं. नात येते म्हणतेय, तर अवश्य न्या. फक्त नागपूरला पहिला तासभर तिला बाहेर कुठेतरी पाठवा. का ते पुढे सांगते.

आधी पुणे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ही फेरी सोपी आणि स्वस्त. या भेटीत एक वेगळंच अवघडलेपण येईल, त्याची तयारी ठेवा. रात्रपाळीला बोर्ड शांत झाल्यावर जिच्याशी मुलांची आजारपणं, सासूचे स्वभाव, पगारातली कापाकापी सगळं बोललात, ती समोर कुणी अनोळखी म्हातारी म्हणून उभी राहील. आवाज ओळखीचा आणि चेहरा परका, हे पहिली दहा मिनिटं दोघींनाही जड जाईल. म्हणून जायच्या आदल्या दिवशी तिला साधा फोन करा, व्हिडिओ नको. जुन्या आवाजात पोटभर बोलून घ्या. भेटल्यावर समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसा, तिला तुमच्या उजव्या हाताला घ्या आणि कानाचं लगेच सांगून टाका. ऐकू आल्यासारखं करून मान डोलावत बसलात तर निम्मी भेट वाया जाईल. हॉटेलात भेटू नका, भांड्यांच्या आवाजात ऐकण्यातच जीव दमतो. तिच्या घरी किंवा सकाळच्या वेळी एखाद्या बागेत भेटा.

पुण्याहून पुढे गाडी. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस तुमच्या सांगलीवरूनच जाते, आणि पुणे, अकोला, नागपूर तिन्ही तिच्याच वाटेवर आहेत. तुमचं सगळं आयुष्य एका गाडीच्या रुळांवर मांडलेलं आहे म्हणा ना. पण सलग प्रवास करू नका, गुडघ्यांसाठी टप्पे पाडा. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२०पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका. खालच्या बर्थचा कोटा मात्र ४५ वर्षांवरच्या बायकांसाठी आहे, तिकीट काढताना तो मागा. आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबर-जानेवारीत जा. अकोल्याचा मे महिना तुम्ही नऊ वर्षं काढलाय, तो मी तुम्हाला काय सांगणार?

अकोल्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या आईची शेवटची तीन वर्षं अशीच गेली. तिची शाळेपासूनची मैत्रीण भेटायला आली आणि दारातूनच विचारलं, "ओळखलंस का मला?" आईचा चेहरा कसनुसा झाला. तिने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. आईला आपली परीक्षा चाललीय एवढं कळलं आणि आपण नापास होतोय हेही कळलं. ती उठून आत गेली. त्या मैत्रिणीचं प्रेम खोटं नव्हतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. मीही सांगितलं नव्हतं, ते मला अजून बोचतं.

म्हणून तुम्ही विचारू नका. आत गेल्या गेल्या स्वतःचं नाव सांगा, "अकोल्याच्या बोर्डावर तुझ्या शेजारी बसायचे" एवढं सांगा आणि हात हातात घ्या. ती चुकीचं काही बोलली तर दुरुस्त करू नका. नवऱ्याला हाक मारली आणि तो हयात नसला, तरी ते सांगायची जबाबदारी तुमची नाही. या आजारात कालचं आधी पुसलं जातं, तरुणपणाचं बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतं. म्हणजे सूनबाईंकडे नाही अशी एक किल्ली तुमच्याकडे आहे: हेडसेट, कॉर्ड, पेटणारे दिवे, कॉलचे ते प्रकार, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. हे शब्द तिच्यासमोर नुसते म्हणून बघा. 'नंबर प्लीज' म्हणण्याची तुमची एक लय असेल, त्या लयीत म्हणा. काही उमटलं तर उत्तम, नाही उमटलं तर तशाच बसून राहा. सकाळची वेळ घ्या, अशा माणसांचा गोंधळ संध्याकाळकडे बहुधा वाढतो. अर्धा-पाऊण तास पुरे.

मुक्काम त्यांच्या घरी करू नका, लॉजवर करा. आजारी माणसाच्या घरात पाहुणा म्हणजे सुनेला आणखी एक ताट. उलट तिला म्हणा, "मी बसते तासभर आईंजवळ, तू जरा बाहेर जाऊन ये." असं म्हणणारं माणूस तिच्या दारात कधी आलं असेल, कोण जाणे.

आता नागपूर. तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. बदली घेतल्याबद्दल तुम्ही स्वतःला दोषी धरताय. ताई, घरी परत यावंसं वाटणं हा गुन्हा नाही. बदलीची किंमतही तुम्ही मोजलीत, खात्याच्या रूल ३८खाली स्वतःहून मागितलेली बदली म्हणजे सीनियॉरिटी गेली आणि नव्या जागी यादीत सगळ्यात खाली. पण हे तिला चुकूनही ऐकवू नका, तिला तो बचाव वाटेल. तुमची चूक एकच, तिच्यापासून लपवलंत. एका खोलीत झोपत होतात, एका स्टोव्हवर चहा करत होतात आणि अर्ज टाकल्याचं बोलला नाहीत. माफी मागायची ती एवढ्याचीच.

आणखी एक. तुमच्यामुळे तिचं आयुष्य नागपुरात अडकून पडलं, असं मनात धरून जाऊ नका. पत्रातल्या 'ती पुढे तिकडेच लग्न करून राहिली' या वाक्याचा सूर तसा आहे. तिने तिकडे संसार केला, नोकरी केली, त्या शहराची झाली. कदाचित सातारा तिला आता परका वाटत असेल. तुम्ही दयेने तिच्या दारात उभ्या राहिलात, तर जुन्या दुखण्यापेक्षा ते तिला जास्त लागेल. तिचं कसं चाललं, ते विचारायला जा.

दार मात्र अचानक वाजवू नका. अनपेक्षित उभं राहिलं की समोरच्या बाईला 'या' म्हणावंच लागतं, आपल्याकडे पाहुण्याला कोण परत पाठवतं? तिला नाही म्हणता आलं पाहिजे. आणि मध्यस्थ बाई नकोत. हा पीपी कॉल आहे, ताई, 'पर्टिक्युलर पर्सन'चा. दुसऱ्या कुणी उचलून चालत नाही, त्याच माणसाशी बोलावं लागतं. फोनही नको, फोनवर तिला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागेल. पोस्टाने पत्र टाका, जायच्या महिनाभर तरी आधी. लांबण लावू नका. असं काहीसं पुरे:

"१९८६ला मी अर्ज टाकला आणि तुला सांगितलं नाही. तू विचारलं असतंस तर खोटं बोलावं लागेल, म्हणून त्या दिवसांत तुझ्याशी बोलणंच टाळलं. ते चुकलं. मी जानेवारीत नागपूरला येतेय. भेटावंसं वाटलं तर या नंबरवर कळव. नाही कळवलंस तरी मी समजून घेईन."

शेवटच्या वाक्याशी प्रामाणिक राहा. उत्तर आलं नाही तर अकोल्याहूनच परत फिरा, नागपूरला जाऊन तिच्या गल्लीतून चक्कर मारू नका. आणि उत्तर आलं, तर नातीला तासभर बाहेर पाठवायचं ते यासाठी: तिसऱ्या माणसासमोर तुम्ही दोघी लगेच शहाण्यासारख्या वागाल, चहापाणी, नातवंडांची चौकशी, आणि बोलायचं ते राहून जाईल. ती चिडली तर चिडू द्या. पहिल्यांदाच तिला ते तुमच्या तोंडावर बोलता येईल. मध्ये स्पष्टीकरण घालू नका. ती गप्प राहिली तर तुम्हीही राहा, तुम्हाला दोघींना एका खोलीत गप्प बसायची सवय होती.

भेटवस्तूंच्या भानगडीत पडू नका, या वयात घरात वस्तू ठेवायला जागा कुणाला असते? सांगलीचं भडंग न्या, रात्रपाळीला डब्यात असायचं तेच. अकोल्याला देताना मात्र सूनबाईंना आधी विचारा, तिला गिळायला त्रास होत असेल तर भडंग नकोच, सांगलीचे बेदाणेसुद्धा नकोत.

पत्र मात्र तिकिटाच्या आधी टाका. आणि पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहा, नातीकडून नको. तुमचं अक्षर ती ओळखेल.