खऱ्या आहेत, पण ऐकून खऱ्या वाटत नाहीत अशा काही गोष्टी

तुमचा प्रश्न असा आहे: प्राणी, इतिहास, करमणूक, रोजच्या वापरातल्या वस्तू, कशाहीबद्दल एखादी अशी गोष्ट सांगा जी खोटी वाटेल, पण खरी आहे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे इथे कुणीतरी सांगेलच, आणि ते खरंही आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात शेती करतो. म्हणून इकडच्याच मातीतल्या आणि रानातल्या गोष्टी सांगतो. त्यातल्या बऱ्याच तुम्हाला स्वतः तपासून पाहता येतील.

सोप्यापासून सुरू करतो. खिशातली नोट बाहेर काढा. तिला आपण कागद म्हणतो, पण त्यात लाकडाचा लगदा नसतो. आपल्या नोटांचा कागद शंभर टक्के कापसाच्या तंतूंचा असतो. शर्टासोबत धुतली गेलेली नोट वाळवून पुन्हा चालवता येते, वर्तमानपत्राचा मात्र चिखल होतो, ते यामुळेच. आता पऱ्हाटीकडे, म्हणजे कपाशीच्या झाडाकडे या. तिचं फूल पहिल्या दिवशी पांढरट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन रंगांची फुलं दिसतात ती अशी. भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही पऱ्हाटीची सख्खी भावकी आहे. चारही फुलं शेजारी ठेवून पाहा, कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही.

संत्र्याचंही तसंच. वरुड-मोर्शीच्या बागेत उभं असलेलं नागपुरी संत्र्याचं झाड बहुतेक वेळा वरून संत्र्याचं आणि मुळातून जंबेरी लिंबाचं असतं. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. डोळ्याच्या खालून फूट आली तर ती संत्र्याची नसते, जंबेरीची असते. म्हणूनच बागवाले ती दिसताक्षणी काढून टाकतात.

आता करमणुकीकडे. जुन्या काळच्या त्या काळ्या, जड, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड कशाच्या होत्या? प्लास्टिकच्या नाही. त्यांना बांधून ठेवणारा मुख्य पदार्थ लाख होती, आणि लाख एका किड्यापासून मिळते. पूर्व विदर्भाच्या जंगलात पळसाच्या किंवा कुसुमच्या फांदीवर खरबरीत, तपकिरी थर चढलेला दिसतो. तो या किड्याचं घर. पिल्लू तिळापेक्षाही बारीक असतं. कोवळ्या फांदीवर जागा धरून ते सालीत सोंड खुपसतं. मादी त्यानंतर मरेपर्यंत तिथून हलत नाही. झाडाचा रस पिते आणि अंगाभोवती राळ सोडत राहते. हजारो किडे शेजारी शेजारी बसले की त्यांच्या राळेचा मिळून एकच थर होतो. तो खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पत्र्यासारखा ओढला की झाला चपडा. त्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून रेकॉर्ड दाबून काढत. म्हणून त्या हातातून पडल्या की फुटायच्या.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, तिथून भारतात रेकॉर्डचं युग सुरू झालं. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश तेव्हा आपलाच होता. युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत वाजणाऱ्या तबकड्यांचा कच्चा माल आपल्याकडची आदिवासी माणसं पळस-कुसुमच्या फांद्यांवरून उतरवत होती, हे मला फार मोठं वाटतं. त्यांची नावं कुठल्याच तबकडीवर नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा अडला. लाख लष्करी कामालाही लागत असे, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठीच्या वापरावर मोठी कपात लावली. तेव्हा कंपन्या लोकांकडून जुन्या रेकॉर्ड परत घेऊन त्यांचा चुरा करून नव्या बनवू लागल्या. पुढे विनाइल नावाचं प्लास्टिक आलं आणि लाखेची गरज संपली. म्हणजे तबकडीपुरती संपली. औषधाच्या काही गोळ्यांवर आणि दुकानातल्या चकचकीत सफरचंदांवर जो पातळ थर असतो, तो आजही बऱ्याचदा लाखेचाच असतो.

प्राण्यांमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट रानपिंगळ्याची. हा छोटा घुबड मेळघाटात आहे आणि चक्क दिवसाउजेडी शिकार करतो. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता. संपला असंच बहुतेकांनी धरलं होतं. अडचण अशी की संग्रहालयात त्याचा एक नमुना होता आणि त्यावर लिहिलं होतं: १९१४, मांडवी, गुजरात. तो ठेवणारा माणूस साधासुधा नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहेगन हा ब्रिटिश फौजी अधिकारी पक्ष्यांचा मोठा जाणकार म्हणून जगभर ओळखला जायचा. साहजिकच लोक त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून गुजरातेत शोधत राहिले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्या संग्रहातले नमुने बारकाईने तपासले. आतला भरणा, टाके, पेंढा भरण्याची पद्धत सगळं पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की या माणसाने संग्रहालयांतले दुसऱ्यांचे नमुने चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठ्या लावून स्वतःचे म्हणून मिरवले होते. तो रानपिंगळाही असाच चोरीचा निघाला. डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला. बाईंनी मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि जुने, खरे पत्ते धरले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. एका खोट्या चिठ्ठीने माणसांना इतकी वर्षं भलत्याच रानात फिरवलं, याचा मला अजूनही राग येतो.

शेवटची गोष्ट आमच्या तालुक्यातली आहे. वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या वावरांत, काळ्या मातीखालच्या जुन्या थरातून वाटोळे, लांबट, आडवे वळ असलेले दगड वर येतात. ते डायनासोरचं शेण आहे, दगड झालेलं. डायनासोर संपून सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली, त्याआधीचं. त्याच सुमारास दख्खनचा लाव्हा वाहत होता आणि त्याच्याच खडकाची झीज होऊन आजची आमची कपाशीची काळी माती झाली.

हे दगड इंग्रजांच्या काळापासून अभ्यासकांना माहीत होते. खरा धक्का २००५ मध्ये बसला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेण फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात त्यांना गवताच्या पेशींतले काचेसारखे कण सापडले. गवत जमिनीतून सिलिका शोषतं आणि पेशींमध्ये तिचे बारीक कण साठवतं. ज्वारीच्या किंवा धानाच्या पात्याने हात कापला जातो त्यात या सिलिकेचाही वाटा असतो. गवताच्या प्रत्येक गटात या कणांचे आकार वेगळे असतात, शिवाय पान कुजलं तरी ते टिकतात. पिसदुऱ्याच्या शेणात निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. त्यात आजच्या धानाच्या आणि बांबूच्या भावकीतलेही होते. तोपर्यंत गवताचे खात्रीचे जुने पुरावे साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे होते. डायनासोरच्या चित्रात गवत काढणं ही चूक समजली जायची. ती समजूत आमच्या तालुक्यातल्या शेणाने मोडली.

हे गावात सांगितलं तेव्हा एका काकाजींनी विचारलं, ‘म्हणजे तेव्हाबी ढोरं गवतच खात होते का रे बापू?’ प्रश्न अगदी नेमका आहे, आणि उत्तर असं की खात होते, पण थोडं. त्याच शेणात सूचिपर्णी झाडं, ताडाच्या जातीची झाडं, इतर पानं यांचेही अंश आहेत. मिळेल तो पाला खाणारं ते मोठं जनावर होतं. लांब मानेचा टायटॅनोसॉर असावा, असं अभ्यासक मानतात.

तुम्ही कधी इकडे आलात तर पिसदुरा जरूर पाहा, पण धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा दगड आवडला म्हणून पिशवीत टाकू नका. कुठल्या थरातून निघाला हे कळलं तरच अभ्यासकाला त्या दगडाचा उपयोग होतो. फोटो काढा, गट नंबर लिहून घ्या आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. वावराच्या मालकाला आधी विचारा. कपाशी उभी असेल तर आत शिरू नका, उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपल्यावर या. तेव्हा रान मोकळं असतं आणि दगडही नीट दिसतात.