स्तोत्र 23 : आकडी कोणती, काठी कोणती?

प्रश्न नवापूर तालुक्यातून आला आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेत, परमेश्वराला मेंढपाळ म्हणणाऱ्या स्तोत्रात, 23:4 ला “तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात” असं आहे. “आमच्याकडे आकडी म्हणजे बाभळीच्या शेंगा ओढायची, नाहीतर माणसाला येते ती. मेंढपाळाला दोन काठ्या कशाला लागतात? बिशपांच्या हातात वर वाकलेली काठी असते, तीच ही आकडी का? आणि काठीने धीर कसा येईल, काठीने तर मार बसतो!”

माणसाला येणारी आकडी बाजूला ठेवू, तिचा इथे काही संबंध नाही. उरली शेंगा ओढायची. खानदेशात शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांकडे ती दिसतेच: लांब बांबू, टोकाला विळा किंवा लोखंडी आकडा, धार आतल्या अंगाला. फांदी अडकवायची आणि झटका द्यायचा. शब्दही तिथलाच, ‘अंक’ म्हणजे मुळात वाक. मराठी बायबल वाचणाऱ्याला ‘आकडी’ म्हटल्यावर वाकलेल्या टोकाची काठी दिसते ती यामुळे, आणि घोळही इथेच होतो. मूळ हिब्रू ओळीत दोन शब्द आहेत, शेवेट आणि मिशएनेत. वाक दोन्हींतही नाही.

पहिला शब्द शेवेट. मराठीत त्या जागी ‘आकडी’ आली आहे, पण शेवेट म्हणजे सोटा, दांडकं. बायबलमध्ये तो कुठे कुठे येतो ते पाहिलं की वस्तू डोळ्यासमोर उभी राहते. दावीदाचा वीर बनाया हातात फक्त शेवेट घेऊन भालेवाल्या मिसऱ्यावर (इजिप्तच्या माणसावर) चालून जातो आणि त्याचाच भाला हिसकावून त्याला मारतो (2 शमुवेल 23:21). यशया 28:27 मध्ये जिरं शेवेटने झोडतात, कारण त्यावर गाड्याचं चाक फिरवलं तर बारीक दाणा चिरडतो. तिळाच्या पेंढ्या उलट्या धरून काठीने झोडणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नीतिसूत्रांत मुलाला शिस्त लावणारी छडी शेवेटच आहे. उत्पत्ती 49:10 मध्ये यहूदाच्या हातून न जाणारा राजदंडही शेवेटच.

म्हणजे सोटा, छडी, राजदंड हे सगळं एकाच शब्दात. मराठीला यात नवल वाटू नये. आपला ‘दंड’ याच वाटेने गेला आहे: आधी काठी, मग शिक्षा, मग सरकारात भरायची रक्कम, आणि राजाच्या हातात गेला की राजदंड. शेवेटचा आणखी एक अर्थ ‘वंश’ असा आहे. इस्राएलचे बारा वंश म्हणजे हिब्रूत बारा शेवेट. मोशेच्या काठीचा शब्द वेगळा, मत्ते. पण त्याचेही अर्थ हेच दोन, काठी आणि वंश. आता आपला ‘वंश’ पाहा. संस्कृतात वंश म्हणजे कूळ, आणि वंश म्हणजे बांबूसुद्धा. हा अर्थ या भाषांनी एकमेकींकडून घेतलेला नाही. काठी आणि कूळ मात्र दोन्हीकडे एकाच शब्दात आलं.

दुसरा शब्द मिशएनेत. टेकणे, रेलणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला आहे, म्हणजे टेकू. निर्गम 21:19 मध्ये मारामारीत जखमी झालेला माणूस उठून हिच्या आधाराने फिरू लागतो. जखऱ्या 8:4 मध्ये यरुशलेमच्या रस्त्यांत म्हातारी माणसं हिच्यासह बसलेली आहेत. 2 राजे 18:21 मध्ये मिसरला चेचलेल्या बोरूची काठी म्हटलं आहे: टेकायला जावं तर तळहातात घुसते. ‘म्हातारपणाची काठी’ म्हणताना आपण जी काठी म्हणतो, ती मिशएनेत. तेव्हा ओळीतली दुसरी ‘काठी’ बरोबर बसली आहे. अडचण आहे ती पहिल्या शब्दाची.

मग दोन कशाला? कामं दोन आहेत. टेकायची काठी लांब हवी. चढावर भार घ्यायचा, ओढ्यात पाय टाकण्याआधी खोली पाहायची, झुडपात शिरलेलं कोकरू बाहेर काढायचं. सोटा आखूड आणि जड हवा, एका हाताने फिरवता आला पाहिजे आणि फेकताही. पॅलेस्टाईनच्या मेंढपाळांकडे एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी असाच गाठीच्या डोक्याचा सोटा पाहिला, कमरेला अडकवलेला. लांब काठीने लांडग्याला हाणायला जागा लागते आणि तेवढ्यात लांडगा कोकरू घेऊन जातो. उलट आखूड सोट्यावर टेकून डोंगर चढता येत नाही.

प्रश्नातल्या शेवटच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. सोटा मेंढराला मारण्यासाठी नसतोच. साक्री तालुक्यातल्या ठेलारी मेंढपाळांच्या मागे थोडं चाललात तरी कळेल की काठी मेंढराच्या अंगावर पडत नाही. ती बाजूला आडवी धरतात, जमिनीवर आपटतात, फार तर कळप चुकीच्या शेतात शिरू लागला की पुढे फेकतात. गाभण मेंढीच्या पोटावर फटका बसला तर ती गाभडते, पायावर बसला तर लंगडते आणि लंगडी मेंढी कळपाच्या मागे पडते. तोटा मालकाचाच. याच ओळीतल्या मृत्युच्छायेच्या दरीत मेंढराला धीर येतो तो सोट्याचं तोंड लांडग्याकडे आहे म्हणून.

म्हणूनच प्रवचनांत हमखास येणारी ती गोष्ट, भटक्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो आणि मग बरा होईपर्यंत खांद्यावर वागवतो, ती सोडून द्यावी. बायबलमध्ये ती कुठेही नाही. व्यवहारातही बसत नाही: हाड सांधायला आठवडे जातात आणि रोज कोस दोन कोस चालणाऱ्या कळपात तेवढे दिवस एक कोकरू उचलून कोण फिरेल?

शेवेटचं आणखी एक काम माझ्या मते सर्वांत सुंदर आहे, आणि ‘आकडी’ या शब्दाने तेच झाकलं जातं. ते म्हणजे मोजणी. लेवीय 27:32 मध्ये ‘काठीखालून जाणारं’ प्रत्येक दहावं जनावर परमेश्वराला पवित्र आहे. हे कसं करायचं ते इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात नेमकं दिलं आहे. जनावरं वाड्यात घालायची. दार इतकं अरुंद ठेवायचं की दोन एकदम बाहेर पडणार नाहीत. काठीने मोजायचं, एक, दोन, तीन… नऊ. दहाव्यावर तांबड्या रंगाची खूण करायची आणि म्हणायचं, हा दशांश. दहावं जनावर धष्टपुष्ट आहे की मरतुकडं, हे पाहून निवड करायची नाही. जे दहावं आलं ते आलं. संध्याकाळी वाघर (जाळ्याचं कुंपण) लावून मेंढरं आत घेणाऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. तोंड मोठं ठेवलं की तिघं एकदम उड्या मारून घुसतात, मोजणी चुकते, आणि चुकली की परत सगळी बाहेर काढा.

यहेज्केल 20:37 मध्ये देव आपल्या लोकांना ‘काठीखालून जाऊ देईन’ म्हणतो. मराठी कानाला ते मार खायला लावीन असं वाटतं. अर्थ आहे, एकेकाला मोजून आत घेईन. (आपल्याकडे ‘आकडा’ म्हणजे संख्याही होते, म्हणून या जागी आकडी शोभते असं कोणी म्हणेल. योगायोग गोड आहे, पण योगायोगच.)

एका अक्षरमालेची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्तोत्र 2:9 मध्ये राजा राष्ट्रांना लोखंडी शेवेटने फोडील असं आहे. मराठीत तिथे ‘लोहदंड’ येतो. हिब्रू तेव्हा फक्त व्यंजनांत लिहीत. या क्रियापदाची व्यंजनं वेगळे स्वर लावून वाचली तर ‘फोडशील’चं ‘चारशील, राखशील’ होतं. प्राचीन ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ते तसंच वाचलं. प्रकटीकरण (2:27, 12:5, 19:15) ग्रीक वाचन घेतं, म्हणून तिथे ग्रीकमध्ये लोहदंडाने ‘राखणं’ आहे. सोटा तोच, हात मात्र मेंढपाळाचा.

राहिले बिशप. त्यांच्या हातातली काठी पुष्कळ नंतरची. इ.स. 633 च्या, स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मपरिषदेत अंगठीबरोबर काठी ही बिशपपदाची खूण म्हणून येते. पाश्चात्त्य परंपरेत तिचे चार भाग: वरचा वाक, त्याखालची गाठ, दांडा आणि खालचं टोक. मध्ययुगातल्या एका लॅटिन ओळीत कामं वाटून दिली आहेत. वाकाने ओढून घ्यायचं, मधल्या दांड्याने चालवायचं, टोकाने आळशाला टोचायचं. बिशप ती डाव्या हातात धरतात, वाकाचं उघडं तोंड लोकांकडे ठेवून. पौर्वात्य मंडळ्यांत (चर्चांत) वरचा भाग आडव्या दांडीचा किंवा समोरासमोर दोन सापांचा असतो. पोप वाकडी काठी वापरत नाहीत. त्यांच्या दंडावर क्रूस असतो.

खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या स्कँडिनेव्हियन मिशनच्या परंपरेतल्या. तिथे पाळक असतात, बिशप नसतात, आणि पाळकांच्या हातात काठीही नसते. त्यामुळे ‘आकडी म्हणजे ती वाकडी काठी’ ही समजूत बहुधा कॅलेंडरवरच्या चित्रांतून आलेली. चित्रातला येशू हातात वाकडी काठी घेऊन उभा असतो. योहान 10 मध्ये, जिथे तो स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो, काठीचा उल्लेखच नाही. मेंढरं त्याचा आवाज ओळखतात, एवढंच आहे.

ओळ पाठ आहे ती तशीच म्हणावी, छापील शब्द बदलायची गरज नाही. समजावून सांगताना मात्र ‘आकडी’ला सोटा म्हणावं आणि ‘काठी’ला टेकायची काठी. ‘दंड’ टाळावा, ऐकणाऱ्याच्या डोक्यात थेट शिक्षा येते. अहिराणीत सांगायचं तर “तुनी काठी माले धीर देस” एवढं पुरतं, पण मग दोन काठ्यांची एक होते. तेव्हा पुढे लगेच सांगावं, एक लांडग्यासाठी, एक चढणीसाठी.